छातीवरचं नाव

व्यायामशाळेच्या नावाचे टी-शर्ट छापणं सोपं आहे. ते विकणं आणि मुख्य म्हणजे ते नाव आपल्याकडे राखणं, हा मात्र वेगळाच मामला आहे!

संध्याकाळचे सात वाजलेले असतात. पहिल्या मजल्यावरच्या त्या जिममध्ये पंखे गरगरत असतात, लोखंडी प्लेट्स एकमेकींवर आपटत असतात आणि काउंटरपाशी चार-पाच पोरांनी मालकाला घेरलेलं असतं. ‘‘सर, आपल्या जिमचा टी-शर्ट काढा ना! सगळे घेतील.’’

मालक सुखावतो. ‘आपली जिम’ हे शब्दच तसे असतात. दुसऱ्या दिवशी तो छपाईवाल्याला गाठतो. शंभर नग घेतले तर भाव उतरतो म्हणून शंभर घेतो. पहिल्या आठवड्यात तीस-पस्तीस टी-शर्ट जातात. मग चौघं उधारीवर नेतात. दोघं ‘सर, खांद्यात अडकतोय’ म्हणून परत आणतात. उरलेला माल खोक्यात जाऊन बसतो. ते खोकं आधी काउंटरखाली असतं, मग दिवाळीच्या साफसफाईत घरच्या माळ्यावर चढतं. आणि एक दिवस घरातून हळूच विचारणा होते, ‘‘अहो, त्या टी-शर्टांच्या खोक्याचं काय करायचं?’’

गावोगावच्या छोट्या जिमची ही कथा आहे. मोठ्या साखळीतल्या जिमना आयता माल, आयती जाहिरात आणि आयतं नाव मिळतं. एकट्याच्या हिमतीवर जिम चालवणाऱ्याला मात्र भाडं, वीजबिल, प्रशिक्षकांचे पगार आणि यंत्रांची दुरुस्ती हे सगळं महिन्याच्या फीमधून भागवायचं असतं. जानेवारीत संकल्प करून आलेली गर्दी होळीपर्यंत पातळ होते. अशा वेळी फीशिवाय चार पैसे मिळवून देणारी वस्तू म्हणून टी-शर्टकडे लक्ष जाणं साहजिक आहे. त्यात पैसाही आहे. पण तो कापडात नाही, छपाईतही नाही. तो नेमका कशात आहे, हे समजून घ्यायचं तर या धंद्याच्या मुळाशी जायला हवं. ते मूळ आहे अमेरिकेत, पॅसिफिक महासागराच्या काठी.

नाव विकलं आणि पस्तावला

लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर एके काळी ‘मसल बीच’ नावाची जागा होती. पिळदार शरीराची मंडळी तिथे वाळूत कसरती करत आणि बघे गर्दी करत. जो गोल्ड हा त्यातलाच एक. हा गडी दर्यावर्दी. जहाजांवर काम केलेला आणि हाताला हत्यारांची सवय असलेला. १९६५ मध्ये त्यानं शेजारच्या व्हेनिसमध्ये साधी, चौकोनी, विटामातीच्या थाटाची एक जिम काढली. ना गालिचा, ना चकचकाट. बरीचशी यंत्रं त्यानं स्वतः बनवली होती. नाव दिलं स्वतःचंच, ‘गोल्ड्स जिम’.

यंत्रं भक्कम होती, वातावरण कष्टाचं होतं. देशोदेशीचे शरीरसौष्ठवपटू तिथे येऊ लागले. १९६८ मध्ये अमेरिकेत आलेला आर्नोल्ड श्वार्झनेगर तिथेच घाम गाळायचा. त्याचा मित्र फ्रँको कोलंबूही तिथलाच. पण नामवंत मंडळी आली म्हणून गल्ला भरतोच असं नाही. १९७० मध्ये जो गोल्डनं जिम विकून टाकली आणि तो पुन्हा समुद्रावर निघून गेला.

विकताना त्यानं नुसत्या भिंती आणि डंबेल्स विकली नाहीत. नावही विकलं! त्या वेळी त्या नावाची किंमत कुणालाच, बहुधा त्यालाही, कळली नव्हती.

नंतर ही जिम केन स्प्रेग नावाच्या शरीरसौष्ठवपटूकडे आली. १९७३ मध्ये तिथेच व्यायाम करणाऱ्या रिक ड्रेसिन या कुस्तीगीर-चित्रकारानं एक चित्र काढलं. टक्कल असलेला, अगडबंब खांद्यांचा एक पहिलवान. त्याच्या हातातला लोखंडी बार वजनानं चक्क वाकलेला. सभोवती जिमचं नाव. बस्स, एवढंच! हे चित्र टी-शर्टवर छापलं गेलं. आधी जिममधली माणसं ते घालू लागली, मग भेटीला येणारे पाहुणे आठवण म्हणून विकत घेऊ लागले आणि पुढे टपालानंही माल जाऊ लागला. १९७७ मध्ये ‘पम्पिंग आयर्न’ हा अनुबोधपट आला. त्यात श्वार्झनेगर आणि त्याचे सोबती याच जिममध्ये सराव करताना दिसले. त्यानंतर त्या टकल्या पहिलवानाची ओळख जगभर झाली.

गंमत पुढेच आहे. याच सुमारास जो गोल्ड समुद्रावरून परतला आणि त्यानं पुन्हा जिम काढायचं ठरवलं. पण दारावर स्वतःचं नाव लावायची त्याला सोय नव्हती. ते दुसऱ्याच्या मालकीचं झालं होतं. नाइलाजानं त्यानं नव्या जिमला ‘वर्ल्ड जिम’ नाव दिलं. तिच्यासाठीही चित्र काढलं ते रिक ड्रेसिननंच. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून वजन उचलणारा गोरिला. तोही टी-शर्टवर गाजला. जो गोल्डनं दुसऱ्यांदाही नाव कमावलं, पण पहिलं नाव काही परत मिळालं नाही. २००४ मध्ये तो वारला. ‘गोल्ड’ या त्याच्या आडनावाच्या जिम तोवर अनेक देशांत पसरल्या होत्या आणि त्यातली एकही त्याची नव्हती!

१९७९ मध्ये गोल्ड्स जिम आणखी नव्या मालकांकडे गेली. त्यांनी नावाचा परवाना देऊन शाखा वाढवल्या आणि कपड्यांचा व्यापारही जोरात केला. पुढे असा काळ आला, की ज्यांनी व्हेनिसचा किनारा कधी पाहिला नाही आणि जन्मात डंबेल उचललं नाही, त्यांच्याही अंगावर तो टी-शर्ट दिसू लागला. भारतात या नावाची जिम २००२ मध्ये मुंबईत आली. तोवर टी-शर्टवरच्या त्या टकल्यानं इथल्या पोरांशी आधीच ओळख करून घेतली होती.

कापड नव्हे, दाखला

हा टी-शर्ट एवढा का चालला? कापड काही जगावेगळं नव्हतं. जाहिरातीवर अफाट खर्च झाला, असंही नाही. त्या टी-शर्टचा अर्थ एवढाच होता, ‘मी तिथला आहे.’ जिथे जगातले नामांकित पटू घाम गाळतात, तिथे मीही गाळतो. टी-शर्ट म्हणजे त्या घामाचा दाखला होता. आधी तिथल्या माणसांनी तो अभिमानानं घातला, म्हणून मग बाहेरच्यांना तो हवासा वाटला. हा क्रम उलटा करता येत नाही.

मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. गोपाळकाल्याच्या दिवशी मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांवरून ट्रक भरभरून गोविंदा निघतात. प्रत्येक पथकाचा टी-शर्ट वेगळा, पाठीवर पथकाचं नाव. त्या टी-शर्टचं कापड कसं आहे, हे कुणी पाहत नाही. पण जो महिनाभर सरावाला आला, थरांवर चढला, पडला, पुन्हा उभा राहिला, त्याच्यासाठी तो टी-शर्ट वर्षभर कपाटात जपून ठेवण्याची वस्तू असते. गणेशोत्सव मंडळांचंही तेच. जिमच्या टी-शर्टची जातकुळी हीच आहे.

यातून मालकानं पहिला धडा घ्यायचा तो असा. टी-शर्ट आधी नव्हे, जिम आधी. जिथली माणसं एकमेकांना नावानं ओळखतात, नवा पोरगा बेंचप्रेसखाली अडकला तर शेजारचा धावत येतो, स्पर्धेच्या आधी सगळे मिळून एकाच्या आहाराची काळजी करतात, तिथला टी-शर्ट खपतो. जिथे फी भरून माणूस येतो, कानात हेडफोन घालून व्यायाम करतो आणि कुणाशी न बोलता घरी जातो, तिथे कितीही देखणं चित्र छापलं तरी खोकं माळ्यावरच जाणार.

शरीरसौष्ठवात आणखी एक मौजेची गोष्ट आहे. ‘महाराष्ट्र श्री’, ‘भारत श्री’ यांसारख्या स्पर्धांत मंचावर उभ्या असलेल्या स्पर्धकाच्या अंगावर टी-शर्ट नसतोच. तिथे असते फक्त पोझिंग ट्रंक. मग जिमचं नाव दिसतं कुठे? प्रेक्षागृहात! तिसऱ्या-चौथ्या रांगेत एकाच रंगाचे टी-शर्ट घालून बसलेली आणि आपल्या पठ्ठ्याचं नाव घेऊन आरोळ्या ठोकणारी पंचवीस पोरं, हीच त्या जिमची खरी जाहिरात. म्हणून स्पर्धेच्या आधीचा महिना हा टी-शर्ट काढायचा उत्तम मुहूर्त. त्या वेळी घेणाऱ्याला कारण असतं, तारीख असते आणि आपला माणूस असतो.

आधी मागणी, मग छपाई

आता हिशेबाकडे वळू. समजा, जिमच्या मालकानं अंदाजानं ६० टी-शर्ट छापून घेतले. छपाईसकट एक पडला २६० रुपयांना. म्हणजे १५,६०० रुपये गुंतले. विक्रीची किंमत ठेवली ४५० रुपये. ४० गेले. हातात आले १८,००० रुपये. रोख शिल्लक अवघी २,४०० रुपये आणि २० टी-शर्ट खोक्यात. त्यांत ५,२०० रुपये अडकलेले.

आता दुसरा मार्ग. मालकानं काउंटरवर एक नमुना टांगला. शेजारी वही ठेवली. नाव, माप, रंग आणि २०० रुपये आगाऊ. दहा दिवसांची मुदत दिली. वहीत ४० नावं आली, तेवढेच टी-शर्ट छापायला दिले. नग कमी म्हणून भाव थोडा चढा लागला, समजा २८० रुपये. खर्च ११,२०० रुपये. त्यातले ८,००० रुपये आगाऊ रकमेतून आधीच हातात आलेले. विक्री तीच, १८,००० रुपये. शिल्लक ६,८०० रुपये आणि खोकं रिकामं!

दर नगामागे वीस रुपये जास्त मोजूनही दुसऱ्या मार्गानं जवळजवळ तिप्पट रोकड हाती राहते. ‘जास्त घेतले तर स्वस्त पडतात’ हे छपाईवाल्याचं वाक्य खरं असतं, पण ते छपाईवाल्याच्या सोयीचं खरं असतं. न खपलेला प्रत्येक टी-शर्ट खपलेल्यांचा नफा खातो. आणि ‘सगळे घेतील’ म्हणणारा पोरगा स्वतः २०० रुपये आगाऊ भरतो का, यावरून त्या ‘सगळे’ शब्दाची खरी किंमत कळते.

पुष्कळ घरांत ही वही मालकाची पत्नी, बहीण किंवा मुलगी सांभाळते. ती सांभाळत असेल तर उत्तमच. कारण मालकाला पोरांना ‘नाही’ म्हणणं जड जातं. जुना सभासद ‘सर, पुढच्या महिन्यात देतो’ म्हणाला की सर विरघळतात. वहीत मात्र ‘पुढचा महिना’ असा रकाना नसतो. उधारी नाही हा नियम पहिल्याच दिवशी भिंतीवर लावला तर कुणालाच राग येत नाही. तिसऱ्या महिन्यात लावला तर सगळ्यांनाच येतो.

फुकट द्यायचेच झाले, तर कुणाला द्यायचे हेही आधी ठरवावं. प्रशिक्षकांना द्यावेत, कारण तो त्यांचा गणवेश होतो. स्पर्धेत उतरणाऱ्याला द्यावा, कारण तो जिमचं नाव घेऊन जातो. वर्षाची फी एकदम भरणाऱ्याला भेट म्हणून द्यायचा, तर त्याची किंमत फीच्या हिशेबात आधीच धरावी. यापलीकडे मात्र हात आखडता घ्यावा. फुकट मिळालेला टी-शर्ट घरी फरशी पुसायला जातो, विकत घेतलेला इस्त्री होतो.

अंग वेगळं, माप वेगळं

बाजारात मिळणारा टी-शर्ट सर्वसाधारण अंगासाठी बेतलेला असतो. जिममध्ये वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या माणसाची छाती ४४ आणि कंबर ३२ असू शकते. त्याला छातीच्या मापानं घेतलं तर खाली झबलं होतं, कंबरेच्या मापानं घेतलं तर काखेत फाटतं. ही अडचण जगभरची आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जिम चालवणाऱ्या डॅन स्टॉक आणि बॉब ट्रुॲक्स या दोघांनी नेमकं हेच हेरलं. जाड मांड्यांच्या आपल्या सभासदांना साध्या पँट बसत नाहीत हे पाहून त्यांनी ढगळ, खाली निमुळत्या आणि झेब्र्यासारख्या पट्ट्यांच्या पँट बनवल्या. नाव ठेवलं ‘झूबाझ’. जिमच्या चार भिंतींत निघालेली ती पँट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फॅशन झाली. त्यांनी सभासदांची गैरसोय पाहिली आणि त्यावर उपाय विकला, यशाचं मूळ एवढंच.

म्हणून ऑर्डर देण्याआधी मालकानं कापडवाल्याकडून ‘साइज सेट’ मागवावा. म्हणजे प्रत्येक मापाचा एकेक नग. तो जिममध्ये दोन-तीन दिवस ठेवावा आणि प्रत्येकानं अंगावर घालून पाहिल्यावरच वहीत माप लिहावं. ‘मला लार्ज लागतो’ या तोंडी सांगण्यावर विसंबू नये. एका कारखान्याचा लार्ज दुसऱ्याचा मीडियम असतो. बायकांसाठी वेगळं माप हवंच. जिममध्ये येणाऱ्या मुली आणि गृहिणी आता थोड्याथोडक्या नाहीत. त्यांना पुरुषांचाच टी-शर्ट ‘स्मॉल’ म्हणून देणं म्हणजे त्यांना पाहुणं ठरवणं. नोकरी करून सहा वाजता जिमला येणारी बाईही ‘आपली जिम’ म्हणत असते, हे विसरून चालणार नाही.

कापडाचंही तसंच. सुती टी-शर्ट अंगाला मऊ लागतो, रस्त्यावर घालायला बरा दिसतो. पण तो घाम पितो आणि ओलाच राहतो. पॉलिएस्टरचा लवकर वाळतो, व्यायामाला सोयीचा पडतो. मात्र घामाचा वास धरून ठेवतो. सुती विणलेल्या कापडाचं मोठं केंद्र तमिळनाडूतलं तिरुप्पूर. उत्तरेत लुधियानाची होजिअरी प्रसिद्ध आहे. कापडाचं वजन ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम, असं सांगतात. सुती टी-शर्टसाठी १८० जीएसएमच्या आसपासचं कापड सर्रास चालतं. सैल, जाड टी-शर्टना २२० ते २४० लागतं. भाव विचारताना जीएसएम विचारला नाही, तर दोन छपाईवाल्यांच्या भावांची तुलनाच होऊ शकत नाही. स्वस्त पडलेला माल बहुधा पातळ निघतो.

छपाईच्या तीन मुख्य तऱ्हा. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. ती दहा नगांना लागते तशीच शंभरांना. म्हणून एका रंगाचं चित्र आणि जास्त नग असतील तर हीच तऱ्हा स्वस्त आणि टिकाऊ. डीटीएफमध्ये चित्र आधी पातळ फिल्मवर छापून मग उष्णतेनं कापडावर दाबतात. दहा-पंधरा नगांसाठी, अनेक रंगांसाठी हे सोयीचं. पण छातीभर मोठा ठोकळा छापला तर तिथे हवा खेळत नाही आणि व्यायाम करताना तो भाग चिकट होतो. सब्लिमेशनमध्ये रंग धाग्यातच मुरतो, म्हणून चित्र सोलपटत नाही. मात्र ते पॉलिएस्टरवर आणि फिक्या रंगावरच जमतं. कोणतीही तऱ्हा घेतली तरी एक नमुना छापून घ्यावा, घरी पाच वेळा धुवावा, उन्हात वाळवावा आणि मगच बाकीची ऑर्डर द्यावी. आटला, विटला, तडकला तर नुकसान एका नगाचं. गोपाळकाला आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत छपाईवाल्यांकडे झुंबड असते, तेव्हा तारीख पाळली जाईल अशी आशा धरू नये.

चित्र मात्र साधं असावं. टकला पहिलवान आणि वाकलेला बार, एवढ्यावर एक जिम जगभर ओळखली गेली. नाव, गाव आणि एक खूण पुरे. पाठीवर फोन नंबर, पत्ता, ‘पर्सनल ट्रेनिंग उपलब्ध’ आणि तीन प्रायोजकांची नावं छापली की तो टी-शर्ट राहत नाही, पत्रक होतं. पत्रक अंगावर घालून लग्नाला कुणी जात नाही!

नाव कोणाचं?

इथे पुन्हा जो गोल्डची आठवण येते. टी-शर्टवर जे विकलं जातं ते नाव असेल, तर ते नाव आधी कागदोपत्री आपलं असायला हवं.

भारतात १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा आहे. तो २००३ पासून अमलात आहे. या नोंदणीत वस्तू आणि सेवांचे वर्ग पाडलेले आहेत. कपडे २५ व्या वर्गात येतात, प्रशिक्षण आणि क्रीडाविषयक सेवा ४१ व्या वर्गात. दोन्हींत अर्ज केला तर जिम आणि टी-शर्ट अशी दोन्हींकडे कुंपणं पडतात. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गामागे ४,५०० रुपये सरकारी शुल्क आहे. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. नोंदणी पुरी होण्याआधीच गोलातला ‘आर’ छापण्याचा मोह टाळावा. नोंदणी नसताना तसं दाखवणं हा गुन्हा आहे.

दुसरी बाब चित्राची. बहुतेक वेळा जिममधलाच एखादा कलाकार पोरगा प्रेमानं चित्र काढून देतो. पैशाची गोष्ट निघत नाही. जिम लहान असते तोवर काही बिघडत नाही. नाव वाढलं की मात्र ‘चित्र माझं’ आणि ‘जिम माझी’ असा वाद उभा राहतो. म्हणून त्याला योग्य मोबदला द्यावा आणि हक्क जिमकडे आल्याचा साधा लेखी करार करावा. करारात मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहावेत. मुदत लिहिली नसेल, तर स्वामित्वहक्काचा कायदा ती फक्त पाच वर्षांची धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर हक्क भारतापुरताच मानतो. पाच वर्षं कशी सरतात, हे जिमवाल्याला कळतही नाही.

तिसरी बाब उसन्या चित्रांची. चित्रपटातला महाबली, परदेशी कंपनीची खूण, एखाद्या नामवंत पटूचा फोटो असलं काही टी-शर्टवर छापून विकलं, तर ती दुसऱ्याच्या मालमत्तेवरची चोरी ठरू शकते. शिवाय धंद्याच्या दृष्टीनंही तो वेडेपणाच. आपल्या पैशानं दुसऱ्याचं नाव मोठं करायचं कशाला?

करांचंही भान हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे. त्याच दिवसापासून जिमच्या फीवरचा दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्या सेवेला मिळत नाही. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा ४० लाख रुपयांची असली, तरी जिमवाला सेवाही देतो. त्यामुळे फी आणि कपडे मिळून वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी करावी लागते. फीच्या हिशेबात टी-शर्ट मिसळू नयेत, दोन्हींच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा तरी सनदी लेखापालासमोर त्या उघडाव्यात.

कुलूप लागलं तेव्हा

टी-शर्ट विकून जिमचं भाडं निघेल का? नाही. चाळीस टी-शर्टांच्या नफ्यात एखादं वीजबिल भागेल, एखादा बेंच नव्यानं मढवून घेता येईल, स्पर्धेला जाणाऱ्या पोराची प्रवेश फी निघेल. यापेक्षा मोठं स्वप्न कुणी दाखवलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण म्हणून हा व्यवहार क्षुल्लक ठरत नाही.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे देशभरातल्या जिमना कुलुपं लागली. महाराष्ट्रात ती उघडायला दसरा उजाडला, २५ ऑक्टोबर २०२०. सात महिने फी बंद आणि भाडं मात्र चालू. अनेक मालकांनी यंत्रं विकली, कुणी जागा सोडली. खुद्द गोल्ड्स जिमनं अमेरिकेत मे २०२० मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. जुलैमध्ये आरएसजी या जर्मन समूहानं ती १० कोटी डॉलर्सना विकत घेतली. घेणाऱ्यानं काय घेतलं? जुनी यंत्रं आणि भाड्याच्या जागा तर होत्याच. पण मुख्य म्हणजे ते नाव! जे नाव जो गोल्डनं १९७० मध्ये भिंतींबरोबर देऊन टाकलं होतं, ते पन्नास वर्षांनी दिवाळखोरीतही विकलं गेलं.

छोट्या जिमचं नाव कोट्यवधींचं नसतं. पण कुलूप उघडल्यावर कोण परत येतं, हा प्रश्न तिलाही पडतोच. दूर सोसायटीत नवी वातानुकूलित जिम निघालेली असते, फीवर सवलत असते. अशा वेळी जो पोरगा जुन्या जिमचा विटका टी-शर्ट घालून पुन्हा जिना चढून येतो, तो पैसे वाचवायला येत नसतो. तो आपल्या जागी येत असतो.

माळ्यावरच्या खोक्याचंही काहीतरी करायला हवंच. त्यातले टी-शर्ट निम्म्या भावानं विकून टाकावेत, पुढच्या स्पर्धेला जाणाऱ्या पोरांना वाटावेत, पण खोकं रिकामं करावं. मग कोरी वही घ्यावी. पहिल्या पानावर नाव, माप, रंग आणि आगाऊ रक्कम असे चार रकाने आखावेत. आणि पहिला टी-शर्ट छापायला देण्याआधी त्यावर जे नाव येणार आहे, ते कागदावर आपलं करून घ्यावं.